रकूनपासून खुराडं राखताना: जाळी, कडी आणि आपोआप मिटणारं दार

न्यू जर्सीतला उन्हाळा, पानगळ आणि अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर तीन गोष्टींबद्दल खात्रीने सांगता येतं: अर्धा इंची वेल्डेड जाळी, दोन हालचालींशिवाय न उघडणारी कडी आणि बॅटरीवर चालणारं स्वयंचलित दार. पहिल्या दोन्हींना पाचपैकी पाच. दाराला चार, तेही नीट बसवलं तरच.

गावाकडे मुंगसापासून कोंबड्या राखलेल्यांची नजर आधी भोकांवर जाते. इथे सांधे बघावे लागतात. रकून हा इथला रात्री हिंडणारा, मांजरापेक्षा मोठा प्राणी; त्याच्या पुढच्या पंजांना पाच लांब बोटं असतात. अंधारात तो चाचपून खिट्टी सरकवतो, फटीत बोटं घालून ओढतो. आत शिरता आलं नाही, तरी जाळीतून हात घालून झोपलेल्या कोंबडीचा पाय नाहीतर मान धरतो. सकाळी जाळीपाशी मुंडकं नसलेली कोंबडी सापडली, तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

म्हणून षटकोनी भोकांची चिकन वायर इथे कामाची नाही. तिची तार बारीक, पीळ हाताने फाकतात, आणि भोकातून पंजा सहज आत जातो. दुकानात 'हार्डवेअर क्लॉथ' म्हणून मिळते ती १९ गेज जाडीच्या तारेची, अर्धा इंची चौकटीची जाळी घ्यावी, आणि ती वेल्डिंगनंतर जस्त चढवलेली असावी. आधी जस्त चढवून मग वेल्ड केलेली जाळी स्वस्त पडते, पण तिच्या जोडांवरच आधी गंज धरतो. अर्ध्या इंचाच्या भोकातून वीझल, म्हणजे मुंगसासारखा सडपातळ शिकारी प्राणी, तोसुद्धा येत नाही.

जाळी चांगली असूनही खुराडी फुटतात ती ठोकण्यातल्या हलगर्जीने. स्टेपल गनच्या पिना सरळ ओढीला टिकतात. कड धरून सोलल्यासारखं ओढलं, की एकामागून एक निघत जातात, आणि रकून नेमका कडेलाच धरतो. सव्वा इंची स्क्रू, त्याखाली रुंद वॉशर, दर चार इंचांवर एक. शक्य तिथे वरून लाकडी पट्टी मारावी, म्हणजे पकडायला कडच उरत नाही. दोन तुकड्यांचा जोड दोन इंच तरी एकावर एक घ्यावा. छपराखालच्या हवेच्या झरोक्यांनाही हीच जाळी लागते. रकून उत्तम चढतो, त्यामुळे उंचीचा भरवसा धरू नये.

खाली दोन फूट रुंदीची पट्टी काटकोनात वाकवून सहा इंच भिंतीवर आणि अठरा इंच बाहेर जमिनीवर पसरून यू आकाराच्या पिनांनी दाबून बसवावी. भिंतीच्या पायाशी उकरणाऱ्याला लगेच तार लागते, आणि दीड फूट मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते तेव्हा या पिना वर येतात. मार्चमध्ये सगळ्या पुन्हा दाबून घ्याव्यात.

कड्यांपैकी हुक-आकडा आणि फिरती लाकडी खिट्टी बाद. साध्या बोल्टच्या भोकात स्प्रिंगचा कॅराबिनर (दाबून उघडणारी कडी) अडकवला की पुरतं. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे अंडी काढायच्या पेटीचं झाकण. कडी मधोमध एकच असेल तर पातळ झाकणाचा कोपरा उचलला जातो, फळी वाकते आणि हात आत शिरतो. दोन्ही टोकांना एकेक कडी लावावी.

आता दार. विकत घेताना एकच परीक्षा करावी: दार मिटलं की खालच्या कडेला बोट घालून वर ढकलावं. दोरीवर लटकणारं हलकं दार वर सरकतं. स्क्रूच्या दांड्यावर चालणारं जागचं हलत नाही, तेच घ्यावं. मिटलेल्या दाराची खालची कड पट्टीमागे लपली पाहिजे.

प्रकाशाच्या सेन्सरवर चालवायचं असेल तर अंगणातला दिवा त्याच्यावर पडता कामा नये. घड्याळावर चालवायचं असेल तर वेळा सतत बदलाव्या लागतात. इथे जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये साडेचारला. शिवाय मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने मिटवलं तर रेंगाळणाऱ्या तलंगाही आत पोचतात.

चौथ्या गुणावर अडण्याचं कारण असं: अडथळा लागला की दार परत वर जातं. कोंबडी चिरडू नये म्हणून ही सोय हवीच, पण दाराच्या खाचेत लाकडाचा भुसा किंवा बर्फ साचला तरी तेच होतं आणि रात्रभर दार उघडं राहतं. खाच रोज दुपारी ब्रशने झाडावी, आणि दार मिटल्यावर एकदा डोळ्यांनी पाहावंच. थंडीत अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियम सेल वापरावेत.

खाद्य रात्री घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावं. विजेच्या कुंपणाच्या दोन तारा, जमिनीपासून सहा आणि बारा इंचांवर, रकूनला पुरतात. फक्त गवत तारेला टेकू देऊ नये, आणि कोरड्या बर्फात झटका मंदावतो. लुकलुकणारे दिवे, रेडिओ, अमोनिया यांना रकून थोड्याच दिवसांत सरावतो. डांबराच्या गोळ्या उघड्यावर टाकणं तर बेकायदाच आहे.

पिंजऱ्यात पकडून दूर सोडायला अनेक राज्यांत बंदी आहे. पूर्व किनाऱ्यावर रकूनमध्ये रेबीज आढळतो. शिवाय वसंतात मादी पकडली तर पिल्लं मागे उपाशी मरतात. पकडायचंच असेल तर परवानाधारक माणसाला बोलवावं.

रकून एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतो, बहुधा झाडाच्या बुंध्याशी, लाकडाच्या ढिगावर किंवा छपरावर. तिच्यात बेलिसॅस्करिस या गोलकृमीची अंडी असू शकतात. ती दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा आजार देऊ शकतात. ब्लीचने ती मरत नाहीत. हातमोजे आणि मास्क घालून विष्ठा ताजी असतानाच उचलावी, पिशवी बांधून कचऱ्यात टाकावी आणि जागेवर उकळतं पाणी ओतावं. लहान मुलांना त्या बाजूला खेळू देऊ नये.