काच आली, अक्षरांचे काय? आयओएस २६ च्या सार्वजनिक बीटाचे परीक्षण

ॲपलने ९ जून २०२५ रोजी आयफोनच्या कार्यप्रणालीचे, म्हणजे आयओएसचे, नवे रूप जाहीर केले आणि त्याबरोबर आवृत्तीचा क्रमांकही १८ वरून थेट २६ वर नेला. यापुढे क्रमांक वर्षावरून ठरणार असल्यामुळे आयफोन, आयपॅड, मॅक, घड्याळ आणि टीव्ही या सर्वांच्या कार्यप्रणाली आता एकाच आकड्याने ओळखल्या जातील. हे लिहिताना, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, अंतिम आवृत्ती सप्टेंबरमध्ये अपेक्षित आहे; मात्र सामान्य वापरकर्त्यांसाठीची चाचणी आवृत्ती, म्हणजे सार्वजनिक बीटा, २४ जुलैपासून उपलब्ध झाला. रोजच्या वापराच्या फोनवर बीटा घालू नये हा जुना शहाणपणा पाळून मी तो कपाटात पडून असलेल्या आयफोन १२ वर घातला आणि गेले तीन आठवडे दोन्ही फोन शेजारी ठेवून वापरले. बीटातील किरकोळ दोष सप्टेंबरपर्यंत दूर होतील असे गृहीत धरून मी त्यांची यादी येथे देत नाही. बदलाची दिशा काय आहे आणि ती आपल्यासारख्या देवनागरी वाचणाऱ्यांना कितपत मानवेल, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

या रूपाला ॲपलने 'लिक्विड ग्लास' असे नाव दिले आहे. बटणे, टॅबच्या पट्ट्या, मेनू आणि कंट्रोल सेंटर (पडद्याच्या कडेवरून ओढून उघडायचा झटपट सेटिंग्जचा फलक) हे सर्व आता काचेच्या एका वेगळ्या थरात तरंगतात आणि मजकूर किंवा छायाचित्र त्याखालून सरकत राहते. आधीच्या आवृत्त्यांतही अर्धपारदर्शक पट्ट्या होत्या. पण त्या दुधी काचेसारख्या होत्या, मागचे सारे धूसर करून टाकणाऱ्या. नवी काच भिंगासारखी वागते, म्हणजे कडेपाशी मागचे चित्र वाकवते, फोन कलता केला की तिच्या कडेवरची चकाकी सरकते, आणि बटणावर बोट ठेवले की ते थेंबासारखे फुगते. सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये पान खाली नेऊ लागताच पत्त्याची पट्टी आक्रसून लहान होते आणि वर येताच पुन्हा पसरते. लॉक स्क्रीनवरील घड्याळाचे आकडे छायाचित्रातील माणसाला किंवा डोंगराला वाट देत स्वतः उंच किंवा ठेंगणे होतात. पहिल्या दिवशी मी या फोनवर काहीही काम केले नाही. केवळ पट्ट्या खालीवर सरकवत बसलो, हे कबूल केले पाहिजे. पारदर्शकतेची हौस नवी नाही, कारण विंडोज व्हिस्टाच्या खिडक्यांना २००७ मध्येच काचेच्या चौकटी होत्या. तेथे मात्र काच चौकटीपुरती होती. येथे ज्यावर बोट ठेवायचे आणि ज्यावरची अक्षरे वाचायची तीच काच आहे.

असा घाऊक बदल आयफोनने यापूर्वी एकदाच पाहिला, तो २०१३ मध्ये आयओएस ७ च्या वेळी. नोट्स ॲपवरचे चामडे आणि नियतकालिकांच्या ॲपमधले लाकडी फडताळ तेव्हा एका रात्रीत नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी सपाट रंग व बारीक अक्षरे आली. ती अक्षरे इतकी बारीक होती की बीटाच्या काळातच त्यांचा ठसा जाड करावा लागला. पडद्यावरच्या हालचालींनी काहींना घेरी येऊ लागल्यावर ऑक्टोबरच्या ७.०.३ आवृत्तीत त्या कमी करण्याची सोय वाढवण्यात आली. मार्च २०१४ मध्ये ७.१ आल्यावरच ते रूप खऱ्या अर्थाने स्थिरावले. हा इतिहास आठवला की यंदाच्या उन्हाळ्यातील घडामोडी ओळखीच्या वाटू लागतात. विकसकांसाठीच्या, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या, पहिल्या बीटात कंट्रोल सेंटर इतके पारदर्शक होते की मागच्या ॲपची चिन्हे त्यातील बटणांत मिसळून जात. दुसऱ्या बीटात ते अधिक धूसर झाले. तिसऱ्यात अनेक पट्ट्यांवर दुधी छटा आली, तेव्हा काच गेली म्हणून ओरड झाली. आणि चौथ्यात थोडी पारदर्शकता परत आली. सहा आठवड्यांत पारदर्शकतेची मात्रा तीन वेळा बदलली, यावरून योग्य मात्रा खुद्द ॲपललाही अजून सापडलेली नाही असेच मी समजतो.

ही अडचण केवळ चवीची नाही. वेबवरील सुगम्यतेच्या, म्हणजे अधू दृष्टीसारख्या अडचणी असणाऱ्यांनाही वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. पार्श्वभूमी ठरलेली असेल तर हे गुणोत्तर एकदा मोजून निश्चित करता येते. काचेखालून मात्र आता पांढरे पान तर पुढच्या क्षणी काळे छायाचित्र जाते. यावर ॲपलचा उपाय असा की लहान बटणे मागचा रंग पाहून आपणहून उजळ किंवा गडद होतात, तर मोठे मेनू तसे करत नाहीत, कारण एवढा मोठा पृष्ठभाग सतत पलटत राहिला तर डोळ्यांना त्रास होईल. उपाय हुशारीचा आहे. तरीही पलटण्याच्या क्षणी वाचक मजकुरावर असतो, आणि तो क्षण डोळ्यांना जाणवतो.

रोमन लिपीला हे जेवढे सोसेल तेवढे देवनागरीला सोसणार नाही, असे माझे मत झाले आहे. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार व ऋकार सांभाळावे लागतात. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षराला जागा कमी उरते आणि चिन्हे बारीक होतात. शिवाय शिरोरेषा ही स्वतःच एक आडवी रेघ आहे, आणि तिच्याखालून दुसऱ्या मजकुराच्या शिरोरेषा सरकू लागल्या की डोळा क्षणभर चुकीची ओळ पकडतो. इंग्रजीत एखाद्या अक्षरावरचा टिंब दिसला नाही तरी शब्द ओळखू येतो. मराठीत 'भाडे पाठवले' आणि 'भांडे पाठवले' यांत फरक त्या एका टिंबाचा आहे, आणि घरमालकाला तो फार महत्त्वाचा वाटतो. सूर्यास्ताच्या छायाचित्रावर आलेली मराठी नोटिफिकेशन भर उन्हात एका दृष्टिक्षेपात वाचता आली पाहिजे, ही माझी कसोटी आहे. सध्याच्या बीटात सपाट, गडद वॉलपेपरवर ती सहज पार पडते. पानाफुलांच्या किंवा गर्दीच्या छायाचित्रावर फोन डोळ्यांजवळ आणावा लागतो, आणि ज्यांना चाळिशीचा चष्मा लागला आहे त्यांना तोही शोधावा लागेल.

सुदैवाने सोय आहे. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ' खाली 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' चालू केले की काच जवळजवळ अपारदर्शक होते, आणि 'इन्क्रीज कॉन्ट्रास्ट' जोडीला घेतले की बटणांना स्पष्ट कडा मिळतात. असे केल्यावर नवे रूप बरेचसे निघून जाते आणि उरते ती नीटनेटकी, गोलसर कोपऱ्यांची कार्यप्रणाली, जी मला मूळ काचेपेक्षा अधिक आवडली. असे खटके न वापरता मधली मात्रा निवडता यावी, अशी एखादी सरकपट्टी सप्टेंबरपर्यंत मिळाली तर निम्मी तक्रार मिटेल.

काचेच्या गदारोळात इतर बदल झाकोळले गेले आहेत. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की आता फोनच आधी नाव व कारण विचारू शकतो आणि मिळालेले उत्तर पडद्यावर लिहून दाखवतो. दुपारच्या वेळी कर्ज देऊ करणाऱ्यांचे फोन घेऊन कंटाळलेल्या माणसाला या एका गोष्टीसाठी नवी आवृत्ती घ्यावीशी वाटेल. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सुरुवातीला केवळ छायाचित्र आणि व्हिडिओ एवढेच पर्याय दिसतात, बाकीचे बाजूला सरकवल्यावर येतात. आयपॅडवर तर मोकळेपणाने लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेनूची पट्टी आली आहे; तो बदल माझ्या मते काचेपेक्षा मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

आयफोन ११ आणि त्यानंतरच्या फोनवर ही आवृत्ती चालेल. २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर मात्र मागे राहतील. पहिले काही महिने पडदा बेमेळ दिसेल हेही लक्षात ठेवावे, कारण काच मिळण्यासाठी प्रत्येक ॲप नव्या साधनांनी पुन्हा बांधावे लागते, आणि ज्या विकसकांना घाई करायची नाही त्यांना जुने रूप काही काळ टिकवण्याची मुभा ॲपलने दिली आहे. म्हणजे संदेशांचे ॲप काचेचे आणि बँकेचे ॲप जुन्या सपाट रूपाचे, अशी स्थिती घराच्या अर्धवट रंगकामासारखी बराच काळ राहील.

आणखी एक शंका मनातून जात नाही. वैयक्तिक संदर्भ समजून घेणारी सिरी (ॲपलची बोलून काम सांगायची सहायक) २०२४ मध्ये दाखवण्यात आली होती आणि मार्च २०२५ मध्ये ती लांबणीवर टाकल्याचे जाहीर झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी सर्वांच्या डोळ्यांत भरेल असे नवे रूप यावे, याला मी निव्वळ योगायोग म्हणायला तयार नाही. अर्थात एवढे काम तीन महिन्यांत होत नसते, त्यामुळे आधीपासून तयार असलेली गोष्ट आता अधिक झळकवली गेली, इतकेच म्हणता येईल.

सप्टेंबरमध्ये अंतिम आवृत्ती येईल तेव्हा माझ्या फोनवर ती पहिल्या आठवड्यात जाईल. आईच्या फोनवर मात्र २६ नंतरची पहिली मोठी दुरुस्ती येईपर्यंत १८ च राहील, आणि ज्या दिवशी बदलेन त्या दिवशी 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' चालू करूनच तो तिच्या हातात देईन.