पिकअपचा एसी घरी दुरुस्त करताना: नुसता डबा की व्हॅक्यूम पंप?

आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवून झाल्या आणि आगोटीची कामं सुरू झाली, की किनाऱ्यावरच्या पिकअपवाल्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. एसी गार हवा देत नाही, गॅस उतरलाय अशी शंका आहे आणि काम घरच्या खळ्यातच करायचं आहे. एक मार्ग म्हणजे आर-१३४ए चा (गाडीच्या एसीतल्या गॅसचा) ४५० ग्रॅमचा डबा, एक नळी आणि एकच गेज. दुसरा मार्ग दोन गेजांचा सेट (निळा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या), पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. मी दोन्ही वापरलेत. डबा वाईट म्हणणार नाही, पण खाऱ्या हवेत त्याची जागा फार थोडी आहे, असं माझं मत झालंय.

कुठलंही सामान आणण्याआधी गॅस खरंच कमी आहे का, ते बघा. गाडी पळताना गार आणि जेटीवर उभी राहिली की गरम, असं होत असेल तर दोष बहुतेक कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, रेडिएटरसारख्या भागाच्या) पंख्यात किंवा पट्ट्यांत अडकलेल्या तांबड्या मातीत असतो. पाणी आतल्या बाजूने बाहेर सोडा, धार हलकी ठेवा, नाहीतर पट्ट्या मोडतात. कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच ओढतच नसेल तर हॉर्नचा रिले (छोटा विजेचा स्विच) त्याच नंबरचा आहे का पाहून अदलाबदल करा. मग क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटतो पण क्लच हलत नाही, म्हणजे क्लचची कॉइल गेली किंवा त्याची प्लेट आणि पुली यांमधली फट वाढली. ही फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. वाढली असेल तर एक शिम (पातळ चकती) काढून काम भागतं. लॅम्पच पेटत नसेल तर प्रेशर स्विचकडे या. साधारण २८ पीएसआयच्या (दाबाचं माप) खाली दाब गेला की तो क्लचची लाइन तोडतो. तो शॉर्ट करून कॉम्प्रेसर पळवू नका. गॅस नाही म्हणजे तेलही फिरत नाही, आणि कॉम्प्रेसर आतून खरवडला जातो.

एकच गेज असलेल्या डब्याची पहिली अडचण इथेच आहे. इंजिन रात्रभर बंद असेल आणि हवा ३० अंश असेल, तर निळा आणि लाल दोन्ही गेज ९५ ते १०० पीएसआय दाखवतात. हा आकडा बघून ‘गॅस फुल आहे’ असं समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात त्यावरून आत थोडा तरी द्रव गॅस शिल्लक आहे, इतकंच कळतं. १०० ग्रॅम असो वा ६००, आकडा तोच. खरं चित्र चालू इंजिनवर दिसतं: १५०० आरपीएमला निळा २५ ते ४५ आणि ३२ अंशांच्या हवेत लाल २०० ते २२५ च्या आसपास. लाल बाजू दिसतच नसेल तर गॅस जास्त झालाय, पंखा मंद आहे की आत हवा अडकलीय, हे अंदाजानेच ठरवावं लागतं.

तरी डब्याचं एक काम चोख आहे. सर्व्हिस पोर्टची टोपी हरवली, पिन वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकल्यावर बारीक फेस येतो, आणि दाब शून्यावर कधीच गेलेला नाही, अशा वेळी नवी टोपी (तिच्या आतल्या रबरासह) लावून डब्याने थोडा गॅस वाढवणं पुरेसं होतं. पिनही बदलायची असेल तर दाबाखाली पिन काढायचं खास अवजार लागतं. डबा उभा धरायचा आणि फक्त लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला जोडायचा. बारीक पोर्ट तो लो साइडचा. चालू इंजिनवर लाल बाजूला डबा जोडला तर तो हातात फुटू शकतो. उलटा धरला तर द्रव गॅस थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि आतले वॉल्व्ह तुटतात. ‘लिकेजही बंद करतो’ असं लिहिलेले डबे मात्र घेऊ नका. ते द्रव्य एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलकडे गॅस बारीक भोकातून सोडणारा वॉल्व्ह) जमून बसतं. फार स्वस्त, शिक्का नसलेला डबाही नको. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून माणसं गेली. कारण होतं भेसळीच्या गॅसमधलं मिथाइल क्लोराइड. ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतं, आणि आपला कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच असतो.

माझं मत बदललं ते मात्र एका वेगळ्याच त्रासामुळे. डब्याने गॅस भरला, खळ्यात हवा झकास गार. गाडी आंबोलीच्या घाटाला लागली, वीसेक मिनिटं झाली आणि हवा कोमट. पंख्याचा जोर तोच. एसी बंद करून दहा मिनिटांनी लावला की पुन्हा गार, पुन्हा वीस मिनिटांनी तेच. गॅस वाढवून बघा, काडीचा फरक पडत नाही. हे पाणी असतं. एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो, गॅसची वाट बंद होते, बर्फ वितळला की वाट मोकळी. त्या वेळी निळा गेज शून्याखाली व्हॅक्यूमकडे सरकताना दिसला तर खात्री धरा. पंख्याचा झोतच मंदावत असेल तर मात्र कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तो थर्मोस्टॅटचा दोष, पाण्याचा नव्हे.

हे पाणी येतं कुठून? पाइपांत मावणारी हवा दोन-तीन लिटर, तिच्यातली वाफ नगण्य. पण गळती होऊन दाब पूर्ण उतरला की ती वाट दोन्ही बाजूंनी उघडी राहते. दिवसा गाडी तापते, हवा बाहेर. रात्री निवते, दमट हवा आत. कॉम्प्रेसरमधलं पीएजी तेल मिठासारखं ओल ओढतं, ड्रायरमधले (ओल शोषणाऱ्या डबीतले) दाणेही ओलावून भरतात. घाटावर अशी गाडी आठवडाभर राहिली तर कदाचित निभावेल. मालवण-हर्णैच्या जूनमध्ये मला तो भरवसा नाही. डब्याने गॅस भरता येतो, पण आतलं पाणी आणि हवा बाहेर काढता येत नाही.

पंपाचं काम वेळ खातं. आधी गळती शोधा. पाइपाच्या सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर तिथेच थांबा. आपल्याकडे बहुतेक वेळा कंडेन्सरच्या खालच्या ओळी जातात, किंवा लोखंडी क्लॅम्प ॲल्युमिनियमच्या पाइपाला टेकतो ती जागा. दोन धातूंमध्ये खारं पाणी बसलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. उरलेला गॅस रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजात काढून घ्या, हवेत सोडू नका. मग नायट्रोजन १५० पीएसआय भरून साबणाचा फेस लावा. टायरची हवा नको, ऑक्सिजन तर मुळीच नको. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. कंडेन्सर बदलला तर २० ते ३० मिली तेल वाढवा. ते कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, आणि नुकत्याच फोडलेल्या बाटलीतलं. सगळ्या ओ-रिंगा नव्या, आणि ड्रायर नवाच. तेलात मुरलेलं पाणी पंप पुरतं काढू शकत नाही, म्हणून ड्रायरवर पैसे वाचवू नयेत.

व्हॅक्यूम मारायला गाडी उन्हात लावा. समुद्रसपाटीला निळा काटा व्हॅक्यूमच्या बाजूला २९ इंचांच्या (पाऱ्याच्या मापात) पुढे गेला पाहिजे, कारण ३० अंशांना पाणी साधारण २८.७ इंचांवर उकळू लागतं. आंबोलीत तोच पंप साडेसत्तावीसलाच थांबेल. पंप बिघडलेला नसतो, तिथे हवेचा दाबच कमी असतो. कोरड्या दिवशी पाऊण तास, पावसाळ्यात दीड तास. पंपाच्या काचेतून तेल बघत राहा. मधासारखं असलेलं तेल पेजेसारखं पांढुरकं झालं तर ते पाणी पिऊन बसलंय. तेल बदला आणि पुन्हा चालवा. मग दोन्ही वॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा. काटा जरासा उतरून २८.६ च्या आसपास स्थिरावला तर आत ओल उरलीय. शून्याकडे उतरतच राहिला तर गळती.

गॅस बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, काट्यावर तोलून. नळीतली हवा आधी निघू द्या. ६०० ग्रॅम लागत असेल तर एक डबा पूर्ण आणि दुसऱ्यातला दीडशे. डबा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवला की गॅस लवकर उतरतो. मधल्या जाळीतून ७ ते १० अंशांची हवा मिळाली तर समाधान माना. किनाऱ्यावर कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. खालच्या नळीतून धो-धो पाणी ठिबकणं हे चांगलं लक्षण, मॅट भिजलं तर ती नळी तुंबलीय.

पंप, गेज आणि काटा मिळून चार-पाच वेळा गॅस भरायच्या खर्चाएवढे पैसे जातात. वर्षाकाठी एकदाच हात लावणाऱ्या एकट्या माणसाला हे जड वाटू शकतं, आणि त्याने गॅरेज धरलं तर मी चुकीचं म्हणणार नाही. पण वाडीत तीन-चार पिकअप असतील तर सामान सामाईक घ्या. पैसे कमी पडले तर गेज सेट साधा चालेल, पंप मात्र दोन स्टेजचा (दोन टप्प्यांत हवा ओढणारा) बघा.