हंड्रेड एक्सची बुरशी आणि नारायण पेठेतलं मायक्रोस्कोप दुरुस्तीचं दुकान

चार स्टार. पाचवा का नाही ते शेवटी सांगते.

माझं काम उंदरांच्या रक्ताच्या स्लाइड मोजायचं. शेपटीतून थेंबभर रक्त, काचेवर त्याचा पातळ थर म्हणजे स्मिअर, त्यावर गिम्सा नावाचा रंग, आणि मग दिवसभर डोळा मायक्रोस्कोपच्या आयपीसला. दोन वर्षांच्या उंदरांना आमच्याकडे ‘आजोबा’च म्हणतात. वयाबरोबर गुणसूत्रांची तूटफूट वाढते. हाडांच्या मज्जेत लाल पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते. गुणसूत्राचा तुटका तुकडा मागे राहिला तर गोल ठिपका दिसतो, तो मायक्रोन्यूक्लियस. माणसात अशा पेशी प्लीहा वेचून काढते, उंदरात बऱ्याचशा रक्तात फिरत राहतात, म्हणून तर शेपटीवर भागतं. पण निरोगी उंदरात हे हजार पेशींत दोन-तीनच. चार खोटे ठिपके मोजले की सगळं मुसळ केरात.

जुलैत आजोबा सोडाच, तीन महिन्यांची पोरंसुद्धा म्हातारी निघायला लागली! हजारात नऊ, अकरा. मी रंगाला बोल लावला, दोनदा गाळला, रंग पातळ करायच्या बफर द्रावणाचा पीएच ६.८ आहे ना ते पाहिलं. आयपीसही फिरवून बघितला. शेवटी मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन पाषाणहून रिक्षाने नारायण पेठ.

दुकानातल्या काकांनी हंड्रेड एक्सची, म्हणजे शंभरपट मोठं दाखवणारी लेन्स काढली, उलटी धरून भिंगातून पाहिली आणि माझ्याकडे दिली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. “ताई, प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवता ना पावसाळ्यात?” घालते. गेली अकरा वर्षं.

तिसऱ्या दिवशी लेन्स तयार, १६०० रुपये. कोटिंग थोडं खाल्लं गेलंय, डाग पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं. मला पुरतं. आता फाइन फोकस जरा हलवला की रंगाचा कण पेशीच्या वर तरंगताना कळतो. खरा ठिपका पेशीबरोबरच स्पष्ट होतो, पेशीबरोबरच पुसट. आधीच्या धुरकटपणात दोन्ही सारखेच दिसत होते. त्याच स्लाइड पुन्हा मोजल्या, पोरं दोनवर आली. आजोबांचा आकडा सांगत नाही, अजून सरांनी पाहिलेला नाही.

पाचवा स्टार बिलाने खाल्ला. वहीच्या कागदावर, जीएसटी नंबर नाही. अकाउंट्सवाल्यांनी परत पाठवलं. छापील बिलासाठी पुन्हा पेठेत जावं लागलं, आणि त्या रिक्षाचं बिल कोणी देत नाही.