टॉम केनी, तारा स्ट्राँग की डी ब्रॅडली बेकर? आधी कोणाला ऐकायचं

भाचीला कॉलेजच्या एकांकिकेत विंगेतून तीन आवाज काढायला लावले, एक खोकणारी आजी, एक कुत्रा आणि एक स्टेशनवरची अनाउन्समेंट, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात व्हॉइस अ‍ॅक्टिंगचं, म्हणजे नुसत्या आवाजाने अभिनय करायचं भूत बसलंय. परवा फोन आला, मावशी तू या वयात पण कार्टून बघतेस ना मग मला एकच नाव सांग, महिनाभर त्या एकाच माणसाचं काम ऐकते. आता एकच नाव कसं सांगू? पण लिहून पाठवते म्हटलं, आणि लिहायला बसले तर हे एवढं लांबलं. तुमच्यापैकी कोणी याच पेचात असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी एक सांगते. पोरं आकडे बघतात, अमक्याचे इतके रोल, तमकीचे तितके. त्यावरून मला तरी काही कळत नाही, गर्दीत ओरडलेलं एक वाक्य पण त्या यादीत धरलेलं असतं. मी दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे एकाच माणसाचे दोन आवाज शेजारी शेजारी ठेवले तर गळा ओळखू येतो का, आणि दुसरं म्हणजे तो जो काही गमतीदार आवाज आहे तो रडायची वेळ आली की टिकतो का. गमतीदार आवाज आपल्या गॅदरिंगला पण चार जण काढतात हो, त्याच आवाजात रडून दाखवा म्हटलं की तीन गळतात.

आता अमेरिकन कार्टूनना आवाज देणारी मंडळी एकेक करून घेते. पहिले फ्रँक वेल्कर. 1946 चा जन्म, म्हणजे आजोबाच. 1969 ला स्कूबी डू सुरू झालं तेव्हापासून फ्रेडचा आवाज त्यांचा आणि 2002 पासून खुद्द स्कूबी कुत्र्याचा पण त्यांचाच, म्हणजे फ्रेड कुत्र्याशी बोलतो तेव्हा माणूस स्वतःशीच बोलत असतो. 1984 च्या ट्रान्सफॉर्मर्समधला मेगाट्रॉन तेच, अलादीनमधलं माकड अबू पण तेच. अबू नीट ऐका. एक धड शब्द नाही, नुसतं चुकचुक किचकिच, तरी तो वैतागलाय का घाबरलाय का मनातल्या मनात शिव्या घालतोय हे सगळं कळतं. पण शिकणाऱ्यासाठी वेल्कर अवघड आहेत असं माझं मत. इतकं पसरलेलं काम आहे की कुठून धरायचं तेच कळत नाही, आणि प्राण्यांचे आवाज ऐकून ऐकून जमत नाहीत, ते घशातच असावे लागतात.

मला जास्त वेळ बोलायचंय ते डी ब्रॅडली बेकरबद्दल. हा पण जनावरांचा माणूस, अवतार द लास्ट एअरबेंडरमधला सहा पायांचा उडता अप्पा आणि तो लेमूर मोमो दोन्ही त्याचे, फिनियस अँड फर्बमधल्या पेरी प्लॅटिपसची ती घशातली गुरगुर पण त्याचीच. (ती गुरगुर मी घरी करून बघितली. दोन दिवस घसा बसला आणि भाजीवाल्याशी खुणांनी बोलले.) पण त्याचं खरं कसब जनावरांत नाहीये, क्लोन्समध्ये आहे. स्टार वॉर्सच्या क्लोन वॉर्स या अ‍ॅनिमेशन मालिकेत हजारो सैनिक आहेत, सगळे एकाच माणसाच्या नकला, म्हणजे चेहरा एक आणि गळाही एकच असायला हवा. आवाज बदलला तर क्लोन कसले, नाही बदलला तर रेक्स बोलतोय का कोडी बोलतोय ते प्रेक्षकाला कसं कळणार? दोन्हीकडून अडचण. बेकर यातून वाट काढतो ती वेगाने, श्वासाने आणि शब्द कुठे तोडायचा त्याने. पट्टी फारशी हलतच नाही.

2021 ला त्यातूनच द बॅड बॅच आलं आणि तिथे तर पाच मुख्य सैनिक, पाचही बेकरच. मी एक एपिसोड कांदा चिरताना नुसता ऐकला, स्क्रीनकडे पाठ करून. टेक भराभर बोलतो, प्रत्येक अक्षर स्वच्छ, हुशार पोरगा तोंडी परीक्षेत बोलतो तसा. रेकर मोठ्याने, छातीतून, त्याचं हसू आधी येतं आणि शब्द मागून. क्रॉसहेअर दातांतून हवा सोडल्यासारखा, हळू, समोरच्याला कमी लेखत. हंटर खरखरीत पण शांत, घरातल्या मोठ्या भावासारखा. इको त्यातल्या त्यात साध्या क्लोनच्या जवळचा म्हणून तोच सगळ्यात उशिरा ओळखू आला. चौघं वाद घालतात तो सीन संपला तेव्हा मला आठवण करून द्यावी लागली स्वतःला की बाई, हा एकच माणूस आहे. उंदीर आणि हत्ती यांच्यात फरक करणं सोपं, सख्ख्या भावांमध्ये करून दाखवा.

शिवाय बेकरने नवख्या लोकांसाठी या धंद्याची माहिती देणारी एक वेबसाइट फुकट ठेवलीये, ती आधी वाचा आणि मग क्लासच्या फिया भरा.

तारा स्ट्राँग ही टोरांटोची, लहानपणापासून याच कामात. पॉवरपफ गर्ल्समधली गोडगोड बबल्स तिची आणि टीन टायटन्समधली ती खर्जात, कंटाळून बोलणारी रेव्हन पण तिचीच. हे सगळेच सांगतात. मी भाचीला वेगळी जोडी सुचवली, फेअरली ऑडपेरेंट्सचा टिमी आणि पहिल्या बेन 10 चा बेन. दोघंही दहा वर्षांची पोरं, दोन्ही आवाज एकाच बाईचे. टिमीच्या आवाजात ते पुढे आलेले दात ऐकू येतात आणि तो कायम विनवणीच्या सुरात असतो, बेन जरा घोगरा, आगाऊ, गल्ली क्रिकेटमध्ये आउट झाला तरी बॅट न सोडणारा. बायकांनी मुलग्यांचे आवाज करायचे ही यात जुनीच रीत आहे, पोरांचा आवाज फुटतो आणि मालिका वर्षानुवर्षं चालते, मग निर्माता मोठ्या बाईलाच घेतो. त्यामुळे मुलींना आणि बायकांना तारा ऐकणं हे सरळ कामाचं शिक्षण आहे. मला खटकतं ते एवढंच की तिचा तो गोड वरचा सूर कधीकधी एका मालिकेतून दुसरीत तसाच आल्यासारखा वाटतो. बबल्स आणि माय लिटल पोनीची ट्वायलाइट स्पार्कल ऐका, मला तरी बहिणी वाटतात.

टॉम केनी म्हणजे स्पंजबॉब, 1999 पासून आजतागायत. त्याच मालिकेत म्याव करणारी गोगलगाय गॅरी पण तो, आणि तो फ्रेंच उच्चारातला निवेदक पण तोच. पॉवरपफमधला मेयर आणि निवेदक, दोन्ही पुन्हा केनी. नुसतं एवढंच असतं तर मी त्याला चांगला विनोदी नट म्हणून सोडून दिलं असतं, पण अ‍ॅडव्हेंचर टाइममधला आइस किंग आहे ना. आधी वाटतं हा एक चक्रम म्हातारा, राजकन्या पळवणारा, किंचाळणारा. मग कळतं की हा एकेकाळी सायमन नावाचा साधा शहाणा माणूस होता, डोक्यावरच्या त्या जादूच्या मुकुटाने त्याची स्मृती खाल्ली, आणि 2012 मध्ये एक भाग येतो त्यात ज्या मुलीला त्याने सांभाळलं ती समोर बसलीये तरी त्याला काहीच आठवत नाही. आवाज तोच चक्रम, केनी त्यात एक तसूभर पण बदल करत नाही, रडका होत नाही, आणि आपल्याच घशात काहीतरी अडकतं. माझ्या आजीला शेवटी शेवटी आम्ही कोणीच आठवत नव्हतो आणि ती मजेत होती, गाणी म्हणायची. त्यामुळे हा भाग मी दोनदाच बघितलाय.

बिली वेस्टचं नाव न घेता पुढे गेले तर फ्युचरामा या कार्टूनचे चाहते मारायला येतील. फ्राय, प्रोफेसर फार्न्सवर्थ, डॉक्टर झोइडबर्ग आणि झॅप ब्रॅनिगन, चौघं एकच. संवादाची टोलवाटोलवी एकट्याने कशी करायची ते इथे ऐका. ग्रे ग्रिफिनचं पण तसंच, स्कूबी डूमधली डॅफ्नी ऐकून मग अवतारमधली खलनायिका अझुला ऐका, ती आवाज जराही न चढवता भीती घालते. या दोघांवर मी जास्त लिहीत नाही, दोघंही उत्तम, पण पहिल्या महिन्याला नकोत.

आता आपल्याकडचा मुद्दा, कारण भाचीला काम मिळालं तर ते मुंबईत मिळणार आणि बहुतेक डबिंगचं मिळणार. वर ज्यांचं कौतुक केलं त्यांचा आवाज सहसा आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्यावर बेततात, म्हणजे नटाने मध्येच हुंदका दिला तर पात्र हुंदका देतं. डबिंगमध्ये उलटं, तोंड आधीच हललेलं असतं आणि तुमचं हिंदी किंवा मराठी वाक्य त्या हललेल्या तोंडात बसवायचं. तिथे श्वास कुठे घ्यायचा हे जपानमधल्या कोणीतरी कधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून यांच्या जोडीला आपली मेघना एरंडे ऐका, जपानी कार्टून निंजा हातोडीचा तो हिंदी आवाज तिचा, अर्धी पिढी त्यावर वाढली आणि किती जणांना माहितीये की त्यामागे मराठी बाई आहे. आणि मोटू पतलू लागलं तर चॅनल बदलू नका, मोटू आणि पतलू दोघंही सौरव चक्रवर्ती, शिवाय आजूबाजूची बरीच मंडळी पण तोच. समोशावरून भांडण चाललेलं असतं आणि ते एकाच गळ्यात चाललेलं असतं.

तर निवड. घशात निसर्गतःच प्राणी, यंत्रं, चित्रविचित्र आवाज असतील तर वेल्कर. लहान मुलांचे रोल करायचेत तर तारा. नाटकातून येताय, अभिनय बरा आहे पण आवाज एकच आहे असं वाटतंय तर बेकरचे क्लोन्स, डोळे मिटून. विनोदी आवाज जमतात पण लोक फक्त हसतात आणि विसरतात असं होत असेल तर केनी. भाची नाटकातली आहे म्हणून तिला मी बेकर सांगितला. आठवडा झाला, काल तिचा व्हॉइस मेसेज आला, पाच वेगवेगळ्या आवाजांत "मावशी, जेवलीस का". मला तीनच ओळखू आले, त्यातला एक तर तिच्या बाबांचा होता.