पाच वर्षांचं ईमेल एकरकमी देतो म्हणाला आणि डोमेन घेऊन बसला

आमचं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून पंपवाल्यांना आणि व्हॉल्व्हवाल्यांना देतो. चौदा जणांना मेल आयडी. 2012 पासून मेल ऑफिसातल्याच सर्व्हरवर होतं, जिन्याखालच्या कपाटात स्मॉल बिझनेस सर्व्हर 2011, त्यातच एक्स्चेंज 2010, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्या एक्स्चेंजचा सपोर्ट ऑक्टोबर 2020 मध्येच संपलेला, म्हणजे सुरक्षेत नवीन भोक सापडलं तरी बुजवणारं कुणी नाही. त्यात जीमेलवाल्या पार्ट्यांना पाठवलेली कोटेशन स्पॅममध्ये जायची आणि आम्ही वाट बघत बसायचो. क्लाउडवर जायला पाहिजेच होतं, त्याबद्दल मला आजही शंका नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये काकांच्या ओळखीतनं एक कॉम्प्युटरवाला आला. आमचे पीसी, प्रिंटर तोच बघायचा, घरच्यासारखा माणूस. म्हणाला, "दादा, दर महिन्याला भाडं कशाला भरताय, मायक्रोसॉफ्टच्या मेलचं पाच वर्षांचं लायसन एकदाच घ्या, चौदा जणांचे चौऱ्याऐंशी हजार अधिक जीएसटी, मायग्रेशन फुकट." आम्ही हिशोब केला तर भाड्यापेक्षा बरंच कमी पडत होतं. बिलावर फक्त "सॉफ्टवेअर सर्व्हिस" एवढंच लिहिलेलं. आता माहितीये की मायक्रोसॉफ्टची ही लायसन्स महिन्याच्या, वर्षाच्या नाहीतर तीन वर्षांच्या बोलीवर मिळतात. पाच वर्षांचं असलं काही नसतंच. एवढं एक मी आधी विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडली. तो म्हणाला, मेल क्लाउडवर वळवायचं तर डोमेन, म्हणजे मेल आयडीत @ च्या पुढं येणारं आपलं नाव, माझ्या अकाउंटला ट्रान्सफर करावं लागतं, त्याचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, द्या. काकांच्या नावावरचं डोमेन, मीच लॉगिन करून कोड काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हे पूर्ण खोटं होतं. मेल कुठं यायचं हे डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदवहीतला) एमएक्स रेकॉर्ड ठरवतो, सोबत मेल खरंच आपलंच आहे हे पटवणारी एसपीएफची एक ओळ आणि डीकेआयएमच्या दोन, हे सगळं डोमेन आपल्याच अकाउंटला ठेवून पंधरा मिनिटांत बदलता येतं. जो माणूस एमएक्स बदलायला ऑथ कोड मागतो त्याला दारातनंच परत पाठवा.

जुना सर्व्हर त्यानं आठ हजार रुपये देऊन नेला, "भंगारात कुणी एवढे देणार नाही" म्हणून. जुनं सगळं मेल वर चढवलंय म्हणाला. आम्ही आउटलुक उघडून बघितलं, गेल्या काही महिन्यांचं मेल दिसलं, खूश झालो. 2019 चं एखादं मेल शोधून बघावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यानं वर चढवलं होतं फक्त शेवटच्या वर्षाचं.

एक खूण दिसली होती, ती सांगितलीच पाहिजे. साधारण महिन्याभरात परचेसच्या ताईंनी दाखवलं की अ‍ॅड्रेस बुकमध्ये आपल्या माणसांच्या खाली अनोळखी नावं येतायत, दहाएक. त्याला विचारलं तर म्हणाला टेस्टचे आयडी आहेत. आम्ही सोडून दिलं.

मग 2024 च्या जूनमध्ये एका सोमवारी सकाळी कुणाचंच लॉगिन होईना. बाहेरून मेल पाठवलं की उलट येत होतं. तो दोन दिवस मेंटेनन्स सांगत राहिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, कंपनीनं पॉलिसी बदललीय, नवीन लायसनला साठ हजार लागतील, नाहीतर डोमेन सुटणार नाही. अगदी शांतपणे बोलला. काका खुर्चीत बसून राहिले. बारा वर्षांचं नाव ते, व्हिजिटिंग कार्डावर, ड्रॉइंगवर, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या व्हेंडर लिस्टमध्ये तोच आयडी.

दुसरीकडनं नवीन घेऊ म्हटलं तर तेही जमेना, कारण एकच डोमेन मायक्रोसॉफ्टच्या दोन टेनंटमध्ये (कंपनीच्या वेगवेगळ्या खात्यांत) एकाच वेळी जोडता येत नाही, आधी जुन्यातनं काढावं लागतं आणि जुन्याचा अ‍ॅडमिन तोच. रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले अकाउंट ज्याच्या नावावर त्याच्याशीच बोलणार. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, वकिलाची नोटीस दिली. नोटिशीनंतर साठाचे पस्तीस झाले. पस्तीस हजार दिले. द्यायला नको होते असं म्हणणारे भेटतात, पण ऑर्डरी अडकल्या होत्या आणि महिनाअखेर पगार करायचे होते.

पैसे मिळाल्यावर त्यानं अ‍ॅडमिनचं लॉगिन दिलं आणि बिलिंगच्या पानावर सगळं समजलं. प्रॉडक्टचं नाव होतं ईफाइव्ह डेव्हलपर. ही मायक्रोसॉफ्ट प्रोग्रामर लोकांना सॉफ्टवेअर बनवून तपासायला फुकट द्यायची, 25 यूजर, 90 दिवस, वापर दिसला तर मुदत वाढते नाहीतर संपते, आणि धंद्याला वापरायची परवानगीच नाही. आमचे 14, उरलेल्या जागांवर दुसऱ्याच एका कारखान्याची माणसं. तीच ती "टेस्टची" नावं. म्हणजे वर्षभर दोन धंद्यांचं मेल एकाच पेटीत आणि किल्ली तिसऱ्याकडं.

डोमेन तिथनं काढलं, परत काकांच्या नावावर आणलं, नवीन टेनंट स्वतः काढून भाडं स्वतःच्या कार्डानं भरतोय. पुण्यातला मावसभाऊ आयटीत आहे, त्यानं फोनवर एक गोष्ट सांगितली जी खूप उपयोगी पडली: आउटलुकचं जुनं प्रोफाइल डिलीट करू नको, नेट काढ, ऑफलाइन उघड आणि पीएसटी (सगळ्या मेलची एक फाइल) एक्स्पोर्ट कर. त्यामुळे पीसीवर साठलेलं वर्षभराचं मेल वाचलं. घाईत नवीन प्रोफाइल करून जुनं उडवलं असतं तर तेही गेलं असतं.

पण 2012 ते 2022 गेलंच. त्याचा फटका ऑक्टोबरमध्ये बसला. एका जुन्या पार्टीनं व्हॉल्व्ह बॉडीच्या लॉटवर डेबिट नोट काढली, म्हणजे आमच्या बिलातनं एक लाख नव्वद हजार कापले, फ्लँजच्या भोकांचं माप जुन्या रिव्हिजनचं आहे म्हणून. ते माप चालेल असं त्यांच्याच इंजिनिअरनं 2021 मध्ये मेलवर कळवलेलं, मला तो दिवस आठवतोय, मीच प्रिंट काढून शॉपवर लावली होती. ती प्रिंट नाही, मेल नाही, आणि तो इंजिनिअर आता तिथं नाही. सर्व्हरच्या डिस्क मागितल्या तर म्हणतो विकल्या.

त्या दुसऱ्या कारखान्यात मी स्वतः जाऊन सांगून आलो, त्यांचा जुना सर्व्हर सुदैवानं अजून त्यांच्याकडेच होता. गेल्या आठवड्यात आमच्याच लाइनमधला एक फौंड्रीवाला म्हणाला, पाच वर्षांचं मेल एकरकमी मिळतंय, घेऊ का? कोटेशन बघितलं. नाव नवीन, मोबाइल नंबर तोच.