सोयाबीन ठेवायचं कुठं, समितीच्या तारणात की वखारीच्या ई-पावतीवर?

काढणीला भाव पडलेला असतोच, त्यामुळं थांबायचं ठरलं की पुढचा प्रश्न माल कुठं टाकायचा. घरात थप्पी लावणाऱ्यांचं सोडून देऊ. उरतात दोन, बाजार समितीची शेतमाल तारण योजना (माल समितीकडं गहाण ठेवून उचल घ्यायची) नाहीतर वखार महामंडळासारख्या नोंदणीकृत गोदामातली ई-पावती (माल ठेवल्याची ऑनलाइन पावती, तिच्यावर कर्ज मिळतं). मी दोन्ही करून बघितलंय.

नुसत्या पैशाच्या हिशोबानं बघाल तर तारण स्वस्त, त्यात वादच नाही. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून चालूये, 180 दिवसांसाठी 6 टक्क्यानं पैसे, मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, वर गोदामभाडं नाही. फक्त किंमत धरताना हमीभाव आणि बाजारभाव यातला जो कमी तो धरतात, म्हणजे 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता पण बाजार बराच खाली, मग उचल पण खालच्यावरच. तरी सातबारा, आधार, पासबुक दिलं की काम होतं, माणसं ओळखीची असतात.

वखारीत भाडं आहे (शेतकऱ्याला सूट मिळते), ऑनलाइन तारण कर्ज 9 टक्क्यांच्या आसपास, केवायसी, ओटीपी, आणि माल आत घेताना ओलावा, काडीकचरा, डागी दाणे सगळं तपासत बसतात, ट्रॅक्टरवाला तिकडं वेटिंगच्या नावानं बोंबलतोय.

पण माझं ठरलं ते घटीवरून. सोयाबीन ठेवलं की वाळतं, वजन उतरतं, हे कुणाला सांगायला नको, पण किती उतरलं ते ठरवणार कोण? मी ठेवलं होतं त्या समितीत पावतीवर कट्टे नि वजन एवढंच, ओलाव्याचा पत्ता नाही. सोडवायला गेलो तर काटा कमी, गोदामवाला म्हणतो दादा वाळलं असंल, मी म्हणतो अहो वाळवूनच आणलेलं, तो म्हणतो मग उंदरांनी खाल्लं असंल, आता बोला! रक्कम फार नव्हती पण भांडायला हातात कागदच नाही हे डोक्यात गेलं. सगळ्याच समित्यांत असं असेल असं म्हणत नाही.

ई-पावतीवर वजन, प्रत, ओलावा सगळं नोंदलेलं असतं आणि 2007 च्या वखार कायद्यानं तो माल तसाच परत द्यायची जबाबदारी गोदामवाल्याची. मालाचा विमाही असतो. शिवाय माल न हलवता पावतीच दुसऱ्याच्या नावावर करून विकता येते.

अमेरिकेत ओहायोसारख्या राज्यात याच्याही पुढं गेलेत, तिथं शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी एक फंडच आहे, तो कमी झाला की शेतकऱ्याच्या धान्यातून बुशेलमागे (धान्याचं तिकडचं माप) अर्धा सेंट कापतात आणि कोठारवाला बुडाला तर त्यातून भरपाई देतात. आपल्याकडं डिसेंबर 2024 ला ई-पावतीच्या कर्जासाठी 1000 कोटींची हमी योजना आली खरी, पण ती हमी बँकेच्या कर्जाला, शेतकऱ्याच्या पोत्याला नाही.

माल थोडा असेल, पैसे लगेच पाहिजेत आणि समितीचा माणूस सरळ असेल तर तारणात टाका, वाईट नाही. मी मात्र दोन पैसे जास्त गेले तरी वखारीतच टाकतो. फक्त त्या गोदामाची नोंदणी चालू आहे ना ते आधी बघा, आणि ओलावा मोजताना मशीनपाशी स्वतः उभे राहा, पोराला पाठवू नका.