फ्लॉस, फटीतले ब्रश आणि वॉटर फ्लॉसर: सहा-सात महिन्यांनंतर

नुसत्या ब्रशने दाताची पुढची, मागची आणि चावायची बाजू साफ होते. दोन दातांमधली राहते, आणि माझ्या हिरड्या नेमक्या तिथेच सुजायच्या. दिवाळीनंतर किटण काढून घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दातावर साचणारा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि मग तो घरी निघत नाही. मऊ आहे तोवरच रोज काढा. तेव्हापासून घरात तीन साधनं नांदतायत.

पहिला फ्लॉस. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा तोडून दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, हळूहळू मागेपुढे करत फटीत उतरवायचा. मग दाताला अर्धा वेढा देऊन हिरडीच्या किंचित आतून वर घासत आणायचा, शेजारच्या दातालाही तसंच. कचकन खाली दाबला तर हिरडी कापते. पुढच्या घट्ट दातांना याच्याशिवाय दुसरं काही चालत नाही. दाढांपाशी मात्र दोन्ही हात तोंडात आणि लाळ मनगटापर्यंत! सुरुवातीला रक्तही आलं. सुजलेल्या हिरडीतून ते येतं, रोज साफ केलं की आठ-पंधरा दिवसांत कमी होतं, माझं थांबलं. तुमचं नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवा.

दाढांसाठी मी फटीत घालायच्या छोट्या ब्रशवर आलो आणि तिथेच रमलो. बारीक तारेभोवती केस, बस. सगळी मेख मापात आहे. टेपे कंपनीचा गुलाबी ०.४ मिलिमीटरचा, लाल ०.५चा, निळा ०.६चा, हिरवा ०.८चा, पण दुसऱ्या कंपनीचा रंग त्याच मापाचा असेलच असं नाही, म्हणून पाकिटावरचा आकडा बघावा. केस दोन्ही दातांना टेकले पाहिजेत, तार मात्र घासता कामा नये. जोर लावावा लागला तर माप मोठं आहे. मला पुढच्या दाढांना गुलाबी आणि मागच्या दाढांना निळा लागतो, म्हणजे दोन पाकिटं आलीच. पेस्ट लावायची गरज नाही. वापरून झाला की धुऊन वाळवायचा, केस विस्कटले किंवा तार वाकली की टाकायचा. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१९च्या आढाव्यातले पुरावे फार भक्कम नाहीत, पण हिरड्यांची सूज कमी करायला हे ब्रश फ्लॉसपेक्षा सरस असू शकतात असा त्यांचा कल आहे. माझ्या दाढा त्याला अनुमोदन देतात.

वॉटर फ्लॉसर मुलाने आणला, माझ्या आईच्या ब्रिजसाठी, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या पक्क्या दातासाठी. राखुंडीवर हयात काढलेली बाई, आधी म्हणाली, "तोंडात कसला पंप सोडता?" आता जेवण झालं की पहिली तीच बेसिन अडवते. ब्रिजखाली अडकलेली शेव, मेथीची पानं पाण्याच्या झोताने झटकन निघतात. दाताला चिकटलेला थर मात्र झोताने घासल्याइतका जात नाही, असं मला आरशात दिसलं. त्यामुळे स्वतःसाठी मी तो विकत घेतला नसता. आणखी एक, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. त्या जड पाण्याने नळीच्या टोकाला पांढरा थर धरला आणि झोत तिरपा जायला लागला. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टोक भिजत ठेवलं तेव्हा सुटला. टाकीत प्यायचं पाणी घातलं तर हा ताप कमी होतो.

मटण थाळीनंतर काउंटरवर बडीशेपेशेजारी ठेवलेल्या काड्या यात धरू नका. काडीने अडकलेला धागा निघतो, थर नाही. आणि हिरडीला टोचते ती वेगळीच.

वेळ रात्रीची, ब्रश करण्याआधी. फटी मोकळ्या झाल्या की पेस्टमधलं फ्लोराईड आतपर्यंत पोचायला वाव मिळतो. कॉलनीतल्या मेडिकलवाल्याकडे एकच माप असतं. दुसरं मागितलं की "हेच सगळे नेतात" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, म्हणून मी ब्रश ऑनलाइनच मागवतो. फ्लॉसचं रीळ मात्र त्याच्याकडूनच. ते एकदा घेतलं की महिनोन्महिने पुरतं.